नवा नियम आणि नववा गडी

अंबेजोगाईची योगेश्वरी ही आमची कुलस्वामिनी. तिचा मोठा उत्सव मार्गशीर्षातला, पौर्णिमेस संपणारा. त्यामुळे वर्षाआड तरी त्या सुमारास आम्हा उभयतांची मराठवाड्याची वारी घडते. या खेपेस दर्शन आटोपून परतताना बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव या गावी एका जुन्या स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्काम केला. मार्गशीर्षात या भागातील गावांवर एक प्रकारची शांतता पसरलेली असते. दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात निघून जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. अशा दिवसांत संध्याकाळी गजबजलेली जागा म्हणजे शाळेचे पटांगण.

त्या पटांगणावरून मुलींच्या ‘खो, खो’ अशा आरोळ्या ओट्यावर स्पष्ट ऐकू येत होत्या. परंतु आमच्या स्नेह्यांची नववीतली मुलगी मात्र पुस्तक घेऊन ओट्यावरच बसली होती, आणि पुस्तकाचे पान काही केल्या उलटत नव्हते. दोन वर्षांपूर्वी आम्ही आलो होतो तेव्हा हिला जेवावयास बोलावण्यासाठी कोणास तरी पटांगणावर धाडावे लागे. म्हणून सहज विचारले, “काय ग, आज खेळ नाही?” तिने मान खाली घालूनच उत्तर दिले, “काका, मी कुणाला बाद करीत नाही ना, म्हणून.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, हेच मला अधिक लागले. रात्री जेवणे झाल्यावर तिच्या वडिलांनी सारी हकीकत सांगितली. तालुक्यात कोणा एका मंडळाने खो-खोचे सामने भरविले होते. ते शाळेतल्या नेहमीच्या नियमांनी नव्हते. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या नव्या, आटोपशीर नियमांनी होते. नेहमी मैदानात नऊ जणी उतरत. येथे सातच उतरावयाच्या. दोघींस बाहेर बसणे भाग होते, आणि त्या दोघींपैकी एक ही. शिक्षकांनी पक्षपात केला असे घरात कोणाचेच म्हणणे नव्हते. त्यांनी गेल्या हंगामाची गुणांची वही पुढे ठेवली होती, आणि त्या वहीत हिच्या नावापुढे बाद केलेल्या गड्यांची संख्या फारच थोडी होती. तेव्हापासून हिने सरावास जाणे सोडले. “पुढल्या वर्षी दहावी आहे. सुटले तर सुटू द्यावे का?” असा प्रश्न त्यांनी मला केला.

मी त्यांस लगेच उत्तर देऊ शकलो नाही. प्रश्न दिसावयास घरगुती असला तरी त्याचे मूळ फार खोल आहे. नियमाची एक ओळ बदलली की कोणाची विद्या एकाएकी मोलाची होते आणि कोणाची बाजूस पडते, हा प्रश्न आज साऱ्या जगातील खेळांपुढे उभा आहे. त्याचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

खो देणे म्हणजे काय?

खो-खो आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. तथापि त्याच्या रचनेतील मर्म खेळताना ध्यानात येतेच असे नाही. सत्तावीस मीटर लांबीच्या मैदानाच्या मध्यावर एक पाटी असते व तिच्या दोन टोकांस दोन खुंट. पाटीवरील चौकांत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात, नववा धावतो. प्रतिपक्षाचे गडी तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. पळणाऱ्यास मोकळीक सर्व प्रकारची. तो बसलेल्यांच्या मधून हवा तेव्हा या अंगास जाईल, त्या अंगास येईल. पाठलाग करणाऱ्यावर मात्र दोन कडक बंधने आहेत. त्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही, आणि एकदा जी दिशा धरली ती खुंटापर्यंत सोडावयाची नाही.

या दोन बंधनांतच खेळाचे सारे सौंदर्य साठविले आहे. पळणारा पाटीतून पलीकडे निसटला की धावणाऱ्याचे पाय निरुपयोगी होतात. त्याने मग पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्यास मागून ‘खो’ द्यावा, त्याच्या चौकात आपण बसावे आणि पाठलाग त्याच्या हवाली करावा, एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणजे एकटा गडी कितीही चपळ असला तरी त्याच्याने सहसा कोणी बाद होत नाही. बाद होतो तो नेमका वेळेवर, नेमक्या गड्यास दिलेल्या खोमुळे. चांगला खो देणारा पळणाऱ्यास आधी खुंटाकडे रेटतो, त्याच्या पळण्याची वाट अरुंद करतो, आणि मग ज्याच्या हातून तो खात्रीने सापडेल त्याच्या पाठीशी खो उच्चारतो. हात लावतो तो दुसराच. वहीत नाव जाते ते त्या दुसऱ्याचेच.

आमच्या स्नेह्यांची मुलगी या जातीची खेळाडू. दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षकांची गाठ पडली तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले की, ही मैदानात असली म्हणजे बाकीच्या मुलींचे गुण वाढतात. “परंतु ते वहीत कोठे लिहावयाचे?” असे म्हणून ते स्वस्थ बसले.

नियम पूर्वीही बदलले

नवे नियम आले आणि जुना निर्मळ खेळ बिघडला, असा सूर काढणे सोपे आहे. पण ते इतिहासास धरून होणार नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम बांधून दिले. त्या आरंभीच्या खेळात दोन टोकांस खुंटच नव्हते. खुंटांच्या जागी संघातील दोन सर्वांत कच्चे गडी बसवीत, आणि धावणाऱ्याने त्यांस वळसा घालून परतावयाचे असे. ज्यास धड पळता येत नाही आणि पकडताही येत नाही, अशा लिंबूटिंबूसही त्या खेळात एक हक्काचे आसन होते! पुढे लाकडी खुंट रोवले गेले. खेळ नेटका झाला, वादास जागा उरली नाही. परंतु त्या दोन कच्च्या गड्यांचे काम लाकडाने घेतले. त्याच वेळी एका नव्या विद्येसही जागा झाली. खुंटास एका हाताने कवळून, सारे अंग हवेत झोकून पळणाऱ्यास टिपण्याची जी कला आज प्रेक्षकांचे डोळे दिपविते, ती खुंटावाचून संभवलीच नसती.

एकाची जागा गेली आणि दुसऱ्याची निर्माण झाली. नियमाच्या बदलाचा हाच स्वभाव आहे.

त्यानंतर हा खेळ दूरवर गेला. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. १९५९-६० साली विजयवाड्यास पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळविले. त्यातील महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे या बीडच्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्याच्या. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. हे सर्व नऊ गड्यांच्या आणि नऊ मिनिटांच्या पाळीच्या जुन्या खेळात घडले.

वजीर आला

मोठा बदल झाला तो २०२२ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टात पुण्याच्या बालेवाडी येथे ‘अल्टिमेट खो-खो’ नावाची सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. प्रेक्षक घरी बसून पाहणार, तेव्हा खेळ लहान, वेगवान व डोळ्यांत भरणारा हवा, असे तिच्या चालकांचे धोरण होते आणि ते चुकीचे होते असे म्हणवत नाही. मैदान आखूड केले. पाठलाग करणारे गडी नवाचे सात झाले. पाळी सात मिनिटांची झाली. एका गड्याबद्दल एक गुण मिळे त्याऐवजी दोन मिळू लागले, आणि सूर मारून किंवा खुंटावरून झेप घेऊन बाद केल्यास तीन. पळणारी तुकडी ठरावीक काळाहून अधिक टिकली तर तिलाही गुण मिळू लागले. पूर्वी टिकण्याचे फळ प्रतिपक्षाचा वेळ खाणे एवढेच असे.

या सर्वांत दूरगामी बदल मात्र ‘वजीर’ हा होय. बुद्धिबळातल्या वजिराप्रमाणेच यास दिशेचे बंधन नाही. इतर गडी धरलेली दिशा सोडू शकत नाहीत. वजीर वाटेल तेव्हा उलट फिरतो. डावाच्या काही भागात तर एका पक्षास दोन वजीर मिळतात.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, ज्या बंधनामुळे खो देणाऱ्याचे महत्त्व होते तेच बंधन एका गड्यापुरते सैल झाले. पळणाऱ्याने हूल दिली तर पूर्वी खो देण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता वजीर स्वतःच वळतो. त्यातच दोन आसने कमी झाली. मग संघ निवडणारा शिक्षक काय करील? तो एक चपळ वजीर घेईल, सूर मारणाऱ्या दोघी-तिघी घेईल, दीर्घकाळ पळणाऱ्या घेईल. आणि आठव्या व नवव्या जागी ज्या शांतपणे बसून वेळेवर खो देत, त्यांची नावे राखीव यादीत जातील. हा शिक्षकाचा दोष नव्हे. ज्यास नियम मोल देतो त्यासच तो जागा देतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या नव्या, आटोपशीर स्वरूपामुळेच खो-खो परक्या देशांस झटपट शिकता आला असे म्हणावयास हरकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही सात गड्यांच्या खेळाचा. अंतिम सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळचा पराभव केला. पुरुषांनी ५४-३६ असा आणि महिलांनी ७८-४० असा. महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांचे मूळ गाव केज तालुक्यातले कळंबअंबा; त्या वाढल्या पुण्याकडे. ज्या तालुक्यातून मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, त्या तालुक्याचे नाव जगज्जेत्या संघाच्या कर्णधाराबरोबर घेतले जावे, याचा आनंद युसूफ वडगावच्या पारावरही मला दिसला. पटांगणावर गर्दी वाढली आहे ती काही अंशी या कीर्तीनेच. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या मुलीची जागा ज्या नियमाने घेतली, त्याच नियमाने तिच्या मैत्रिणींस पटांगणावर आणले असे म्हणावे लागते. हा पेच एका वाक्यात सुटणारा नाही.

परदेशांतील दाखला

असाच पेच इतर खेळांतही पडला आहे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू बहुतांशी हातात घेऊन पळतात. तेथील व्यावसायिक संघात ५३ गडी असतात, आणि त्यांत एकाचे काम केवळ चेंडूस लाथ मारण्याचे. प्रत्येक आरंभी तो चेंडू दूर उडवितो, प्रतिपक्षाचा एक गडी तो झेलून भरधाव उलट येतो, आणि दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी दुरून धावत येऊन एकमेकांवर आदळतात. या टकरींत दुखापती फार होऊ लागल्या म्हणून २०११ साली लाथेची जागा पुढे सरकविली. त्यामुळे बळकट पायाचा गडी चेंडू थेट मैदानाच्या शेवटापलीकडे धाडू लागला. टकरी कमी झाल्या. पण चेंडू झेलून पळणाऱ्याचे कामही बरेचसे संपले.

पुढे २०२४ साली नियम पुन्हा फिरविला. दोन्ही बाजूंचे गडी समोरासमोर, अगदी जवळ उभे करावयाचे आणि चेंडू खाली येईपर्यंत त्यांनी हलावयाचे नाही. चेंडू एका आखलेल्या पट्ट्यात पडला पाहिजे. तो सरळ पलीकडे उडविला तर प्रतिपक्षास पूर्वीपेक्षा पुढली जागा मिळणार. झाले! काल ज्याच्या पायातील बळाची वाहवा होत होती, त्यास आज मोजूनमापून चेंडू टाकावयास शिकणे भाग पडले. एका संघाच्या शिक्षकाने तर असेही बोलून दाखविले की, चेंडू परत घेऊन येणाऱ्यास अडविण्याचे काम आता लाथ मारणाऱ्यावरही वारंवार येणार. तेव्हा लाथ मारावयास एखादा अंगापिंडाने मजबूत संरक्षकच का न ठेवावा? आणि झेलून पळणारा, ज्यास मधल्या वर्षांत कोणी विचारीत नव्हते, त्यास पुन्हा मागणी आली.

आपल्या क्रिकेटचेही उदाहरण घ्या. आय.पी.एल. सामन्यांत २०२३ पासून डावाच्या मध्ये एक गडी बदलून दुसरा घेण्याची मुभा आहे. फलंदाजीच्या वेळी निव्वळ फलंदाज, गोलंदाजीच्या वेळी निव्वळ गोलंदाज, असा अदलाबदलीचा व्यवहार सुरू झाला. यामुळे दोन्ही कामे थोडीथोडी करणाऱ्या अष्टपैलू गड्यास वाव उरत नाही, असे रोहित शर्मा यांनी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. नियम करणारे सामन्याचा विचार करतात, प्रेक्षकांचा करतात, दुखापतींचाही करतात; परंतु ज्याची जागा जाणार त्याचा विचार कोणत्याही सभेपुढे येत नाही. तो गडी बहुधा अशा कामाचा असतो की, त्याचे मोल वहीतल्या आकड्यांत उतरत नाही.

घरातील मोठ्या माणसांचे काम

त्या रात्री आमचे हे बोलणे चालले असता स्नेह्यांच्या मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांस वजीर ठाऊक नाही आणि विश्वचषकही नाही. त्या म्हणाल्या, “आमच्या वाड्यात रोज वीस पान उठे. स्वयंपाक कुणाचा, ते पाहुणे नाव घेऊन विचारीत. वाढतं कोण, हे कुणी विचारीत नसे. पण आमची थोरली जाऊ चार दिवस माहेरी गेली, की कुणाच्या पानात मीठ नसे आणि कुणाचा भात थंड.”

यापेक्षा चांगले विवेचन मला करता आले नसते. जी जागा भरलेली असताना दिसत नाही आणि रिकामी झाल्यावरच दिसते, तिची किंमत घरातील शहाण्या माणसांस ठाऊक असते. शाळेच्या वहीस ती ठाऊक असेलच असे नाही. म्हणून ज्या घरांत मुले-मुली खेळतात त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते.

पहिली ही की, “किती जणांस बाद केलेस?” एवढाच प्रश्न विचारू नये. तुझ्या खोवर कोण बाद झाले, हेही विचारावे. शिक्षकांस शक्य असेल तर त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखावा आणि ज्याच्या खोवर गडी मिळाला त्याचेही नाव लिहावे. त्यास खर्च पेन्सिलीच्या एका रेघेचा आहे.

दुसरी गोष्ट जरा कठोर आहे. नियमाने आपले मोल ओळखले नाही म्हणून रुसून घरी बसणे हा उपाय नव्हे. आजचा नियम उद्या फिरेल. अमेरिकेत तेरा वर्षांत तो कसा फिरला ते आपण पाहिले. जो गडी एकाच कसबावर विसंबतो त्यास प्रत्येक नियमाची भीती असते. मूळचा खो-खो या बाबतीत मोठा न्यायी आहे. त्यात प्रत्येकास पाठलागही करावा लागतो आणि पळावेही लागते. बसावेही लागते आणि उठावेही. तेव्हा लहान वयात मुलीस केवळ वजीर किंवा केवळ सूर मारणारी न करता संपूर्ण खेळ शिकवावा. खो देणारीने झेपही शिकावी, आणि झेप घेणारीने शांत बसणे शिकावे. बारावी-तेरावीच्या वयात कोणी ‘अमुकच कामाची’ असा शिक्का घेऊ नये.

दहावीच्या भीतीविषयी मी स्नेह्यांस इतकेच म्हटले की, संध्याकाळचा एक तास ओट्यावर न उलटणाऱ्या पानापुढे घालविण्यापेक्षा पटांगणावर गेलेला बरा. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे त्यांस माहीत होतेच. पण त्या आशेने मुलीस खेळावयास धाडू नका, असेही मी सांगितले. सगळ्याच मुली राज्याच्या संघात जात नाहीत. खेळ सुटल्यावर जे अंगात उरते त्यासाठी धाडावे.

निघण्याच्या दिवशी सकाळी मुलीस जवळ बोलावून मी विचारले, “तुला सूर मारता येतो का ग?” ती म्हणाली, “येत नाही, काका. कोपर सोलून निघतं.” “आणि त्या वजीर झालेल्या मुलीस तुझ्यासारखा खो देता येतो का?” यावर ती प्रथमच हसली. “मुळीच नाही. ती वजीर नसली की घाई करते. समोरच्या पोरी तिला फसवतात.” मग थोडे थांबून म्हणाली, “तिला सांगायला पाहिजे.”

महिन्याभराने स्नेह्यांचे पत्र आले. शेतीचे, पावसाचे, मातोश्रींच्या गुडघ्याचे वर्तमान लिहून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या. कन्या सरावास जाते. सात जणींत अजून नाव नाही. नियमही तोच आहे. कोपरास हळद लावण्याचे काम मात्र आजीकडे रोजचे झाले आहे.